पालथे कप

माणसं पाच होती आणि आईने कप सहा मांडले.

दादाने ते पाहिलं आणि जास्तीचा कप उचलायला हात पुढे केला. आत्याने त्याच्या मनगटावर चमच्याने टोला दिला.

"राहू दे. धुवायला तुला सांगणार नाहीये कुणी."

दादाने हात मागे घेतला. आई एकेका बशीवरून फडकं फिरवत राहिली. तिने मान वर केली नाही, त्यामुळे कप विसरून मांडला की ठरवून, हे तिच्या मुलीला, कात्रीला, कळलं नाही.

व्हरांड्यातलं लांब टेबल, पायऱ्यांकडची काकांची वेताची खुर्ची, चहाच्या नव्हे तर फक्त कॉफीच्या पाण्याला ठेवलेली ती पोचे आलेली किटली, सगळं होतं तसंच होतं. बाबा गेल्यानंतरची ही पहिली घोटसभा.

नाव आत्याने ठेवलेलं. बागेत काही नवं लावायचं किंवा जुनं काढायचं झालं, की सगळ्यांनी आधी त्या झाडांची कॉफी प्यायची आणि मग मत द्यायचं, अशी या घराची रीत होती. कॉफी एका झटक्यात प्यायची नाही. गरम असताना चमच्याने एक घोट, कोमट झाल्यावर एक, पार निवल्यावर एक. मग कप बशीवर पालथा घालायचा. आणि शेवटचा कप पालथा होईपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. जो बोलेल त्याचं मत बाद.

हा नियम बाबांचा, आणि त्याचं कारण काका. पूर्वी काका पहिल्याच घोटाला "धुरकट" म्हणायचे आणि मग अख्ख्या घराला कॉफी धुरकट लागायची. "लिंबू" म्हणाले की सगळ्यांच्या जिभेवर लिंबू. बाबा वैतागले होते. "याची जीभ चांगली आहे, वादच नाही," ते म्हणाले होते, "पण ती आपल्या सगळ्यांच्या तोंडात फिरते."

आज कपात खालच्या उतारावरची रोबस्टा होती. बाबांनी लावलेली, बाबांनी वाढवलेली. ती ठेवायची, की मुळासकट उपटून तिथे अरेबिका लावायची, हे ठरायचं होतं. प्रस्ताव काकांचा. पंधरवड्यापूर्वी जेवताना त्यांनी तो मांडला, दादा लगेच "हो" म्हणाला, बाकीच्यांनी ताटात पाहिलं. आणि काल कात्रीने काकांना फोनवर बोलताना ऐकलं होतं: "करवती घेऊन सगळे या. परवा सकाळी." म्हणजे उद्या.

"तर मग," काका खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "बोलायचं ते आत्ताच बोलून घ्या. नंतर तोंडाला कुलूप."

"तूच बोल रे," आत्या म्हणाली. "तुलाच लागतं ते."

आत्या निवृत्त भूलतज्ज्ञ. आयुष्यभर लोकांना झोपवत आली आणि घरी आली की सगळ्यांची झोप उडवते, असं काका म्हणत. ती काकांपेक्षा मोठी आणि बाबांपेक्षा धाकटी, म्हणजे दोघांनाही बोलायचा हक्क राखून असलेली.

"माझं म्हणणं साधं आहे," काका म्हणाले. "रोबस्टा म्हणजे नुसता दांडगटपणा. घोट घेतला की तोंडात ठाण मांडून बसते. उठता उठत नाही. कडू ती कडू, वर लाकडाचा भुसा चावल्यासारखी. अरेबिका कशी येते, दोन गोड शब्द बोलते, निघून जाते."

"तुझ्यासारखी नाही म्हणायची," आत्या म्हणाली.

"ताई!"

"काका बरोबर बोलतायत," दादा म्हणाला. दादा दातांचा डॉक्टर. शहरातून येताना टूथब्रशांचा गठ्ठा आणतो आणि कॉफी पिणाऱ्या प्रत्येकाच्या दातांकडे दुःखाने बघतो. "लोकांना आता नाजूक चव हवी असते. आणि कात्री एकटी किती बघणार? वरची बाग, खालची बाग. एक काहीतरी नीट करू. बाबांची आठवण म्हणून हवं तर एक झाड ठेवू. छान पार बांधू त्याला."

"एकटं फळणार नाही ते," कात्री म्हणाली.

"का?"

"अरेबिका आपली आपण फळते. रोबस्टाला शेजारी दुसरं, वेगळं झाड लागतं. वारा लागतो, माश्या लागतात. एकटीला ठेवलं तर नुसती पानं."

"मग सावली तरी मिळेल," दादा म्हणाला. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याचा हेतू कधीच वाईट नसायचा, हीच त्याची अडचण होती.

काका कात्रीकडे बघत होते, अजून काहीतरी येईल म्हणून थांबल्यासारखे. पण ती गप्प बसली.

तिचं खरं नाव आता फक्त कागदोपत्री उरलं होतं. लहानपणी ती बाबांची छाटणीची कात्री उशाशी घेऊन झोपायची, तेव्हापासून ती कात्री. मोठी झाली, चार पुस्तकं वाचली, बाहेर राहून आली, आणि परत येऊन छाटणीच करू लागली. बोलण्यापेक्षा कापणं तिला जास्त जमायचं. आणि आत्ता तर बोलायची चोरीच होती.

कारण एका वाक्यात काकांना गप्प करता येईल असं काहीतरी तिला ठाऊक होतं, आणि ते बोलायचं नाही असं तिने बाबांना कबूल केलं होतं.

घराला लागून वरच्या अंगाला काकांची अरेबिका होती. बी काकांनी स्वतः आणलेलं, रोपं स्वतः केलेली. मग काका दोन वर्षं परदेशी कारखान्यात नोकरीला गेले आणि मागे मुळं खाणारी कीड आली. काकांची बाग ओळीच्या ओळी वाळून गेली. बाबांनी कुणाला कळवलं नाही. काकांच्याच झाडांच्या शेवटच्या हिरव्या फांद्या घेतल्या, रोबस्टाच्या रोपांवर कलमं बांधली आणि सगळी बाग नव्याने उभी केली. वर काकांची अरेबिका, जमिनीत रोबस्टाची मुळं. त्या मुळांना कीड लागत नाही. काका परतले ते झाडांना कुरवाळत फिरले, आणि तेव्हापासून येईल त्या पाहुण्याला सांगत आले, की बघा, आसपासच्या बागा गेल्या, माझ्या झाडांनी कीड पचवली. जातिवंत आहेत.

शेवटच्या महिन्यात, याच व्हरांड्यात शाल पांघरून बसलेले असताना, बाबांनी तिला हे सांगितलं. "कलमाच्या खालून अधूनमधून रोबस्टाचा फुटवा येतो. पान मोठं असतं, कडा लाटेसारखी. लांबून ओळखू येतं. दिसला की खुड. काकाला सांगायचं नाही."

"इतकी वर्षं तुम्ही खुडताय?"

"रोज सकाळी चक्कर मारतो ती कशाला?" बाबा हसले आणि त्यांना खोकला आला.

तिने ते काम इमानेइतबारे केलं. बाबांनी घाबरवलं होतं त्या मानाने फुटवे निम्मेच निघत होते, एवढंच तिला नवल वाटायचं. पण जेवणाच्या टेबलावर काकांनी तो प्रस्ताव मांडला, त्या रात्री पडल्या पडल्या तिच्या डोक्यात आलं, की बाबा म्हणाले होते, सांगायचं नाही. दिसू द्यायचं नाही असं कुठे म्हणाले होते? खुड म्हणाले होते हे खरं, पण एखादा फुटवा माणसाच्या नजरेतून सुटतोच. काकांच्या खुर्चीसमोर, पायरीला लागून असलेल्या झाडाच्या बुडात एक फुटवा तरारला होता. तो तिने सोडून दिला. त्याला गुपचूप पाणीही घातलं. काल त्याचं वरचं पान तळहाताहून मोठं झालं होतं आणि आपल्या पोराने शाळेत बक्षीस मिळवावं तसा तिला त्याचा अभिमान वाटला होता.

आज काका त्याच्यासमोर तासभर बसणार. बोलायची बंदी. बघण्याशिवाय दुसरं काम नाही. मग दिसेलच.

आणि नाहीच दिसला तर आत्या होती. आत्याला गुपित ठाऊक नव्हतं, पण काकांचं मत बाद करायचं म्हटल्यावर तिने कारणही विचारलं नव्हतं. "त्याचं तोंड उघडायचं ना? माझ्यावर सोड. मी लोकांची बंद करत आले, पण उलटंही जमतं."

आईने किटली उचलली. सहाही कप भरले. काकांनी टाळी वाजवली, म्हणजे कुलूप.

पहिला घोट सगळ्यांनी सुर्रकन ओढला. कात्रीनेच ही कॉफी भाजली होती, मंद आचेवर, बाबांच्या सवयीने जरा जास्तच वेळ घेऊन. वर जाड तपकिरी फेस. घोट जिभेवर आला आणि खरंच बसला, वजनदार, कडू, मागे काळ्या गुळासारखं काहीतरी ठेवून. तिने डोळे क्षणभर मिटले. मग उघडले आणि पायरीकडे पाहिलं.

फुटवा नव्हता.

झाडाच्या बुडात बोटाएवढा पांढरा ताजा काप होता, बस. सकाळी दूध घ्यायला गेली तेव्हा होता! तिने आईकडे पाहिलं. आई आपल्या कपात बघत होती. पायऱ्या सकाळी आईनेच झाडल्या होत्या. आईला माहीत होतं? आणि माहीत असून आईने बाबांचं गुपित राखलं, बाबांची झाडं नाही?

कॉफी निवत होती. काकांना ही शांतता नेहमीच जड जायची. ते खुर्चीत चुळबुळले, कपाळ चोळलं, एका माशीला डोळ्यांनी दम दिला. दुसरा घोट झाला. आत्याने कात्रीकडे पाहून भुवई उंचावली, पदराआडून एक छोटी डबी काढली आणि सगळ्यांच्या देखत आपल्या कपात चमचाभर साखर घातली.

काकांचे डोळे विस्फारले. ओठ आवळले गेले. आत्याने दुसरा चमचा घातला. मग आवाज करत ढवळायला लागली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

तिसऱ्या चमच्याला काका फुटले.

"अगं चवीच्या कपात साखर! लाज नाही वाटत? सत्तरी आली तुझी!"

आत्याने शांतपणे त्यांच्याकडे बोट दाखवलं आणि तेच बोट आडवं करून गळ्यावरून फिरवलं. बाद.

काकांना संतापाने ठसका लागला. त्यांनी जाकिटाच्या खिशातून रुमाल ओढला, आणि रुमालाबरोबर एक पान बाहेर आलं. घडी घातलेलं, रुंद, लाटेसारख्या कडेचं. ते टेबलावर पडून सावकाश उलगडलं.

"काका, हे तुम्ही..." कात्री म्हणाली आणि तिने तोंडावर हात दाबला. उशीर झाला होता.

काकांनी झडप घालून पान परत खिशात कोंबलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"वा!" दादा आनंदाने म्हणाला. "काका बाद, कात्री पण बाद!"

आत्याने तीन बोटं दाखवली. दादाने मागे वळून पाहिलं तिसरं कोण म्हणून. मग त्याला कळलं आणि त्याने कपाळाला हात लावला.

"हसू नकोस ताई," काका म्हणाले. त्यांना आता गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. "साखर घातलेला कप चवीचा धरत नाहीत. तुझंही मत बाद."

"अरे वा रे वा! नियमात साखरेचं नाव कुठे..." आत्या म्हणाली, आणि तिथेच थांबली. भूल उतरताना माणसाचा चेहरा होतो तसा तिचा चेहरा झाला.

चौघंही बाद. मग चौघांनी एकदम आईकडे पाहिलं.

आईने आपला शेवटचा घोट घेतला. घाई केली नाही. कप बशीवर पालथा घातला. मग सहावा कप पुढे ओढला, त्याच्यातून चमचाभर कॉफी घेतली, डोळे न मिटता प्यायली. कात्रीला वाटलं, आता घालेल पालथा आणि सांगेल. बागेतल्या प्रत्येक झाडाचं काय होणार ते त्या एका हातात होतं.

आई उठली. सहावा कप बशीसकट उचलला आणि खिडकीच्या वरच्या फळीवर, बाबांच्या चष्म्याच्या डबीशेजारी, सरळच ठेवला. भरलेला.

"आई, तुझं मत?" दादाने विचारलं.

आईने ओठांवर बोट ठेवलं. मग त्या कपाकडे बोट दाखवलं.

सगळ्यात आधी आत्याला उमगलं. ती इतकी हसली की तिला खुर्चीचा हात धरावा लागला. "शेवटचा कप पालथा व्हायचाय! अरे, सभा संपलेलीच नाही! तो कप सरळ आहे तोवर निर्णय नाही!"

"पण मग तो पालथा कधी..." दादा म्हणाला.

आईने खांदे उडवले, ट्रेमध्ये पाच कप गोळा केले आणि आत निघून गेली. अख्ख्या सभेत ती एक अक्षर बोलली नव्हती. तिचं मत शाबूत होतं, आणि ते देण्याचा तिचा अजिबात विचार दिसत नव्हता.

कात्री बाहेर आली तेव्हा काका पायरीवर बसले होते. ते पान मांडीवर ठेवून, इस्त्री करावी तसं तळव्याने सपाट करत होते.

"कधीपासून माहीत आहे?" तिने विचारलं.

"आलो त्या दिवसापासून." काकांनी वर पाहिलं नाही. "दोन वर्षांनी घरी येतो, तर माझी झाडं लहान झालेली! तुझा बाबा म्हणतो, बुडापासून छाटली रे, नवा फुटवा धरलाय. अगं, छाटलेल्या झाडाचं बूड जाड राहतं, एवढं मला कळत नसेल? आणि प्रत्येक झाडाला खाली कलमाची गाठ. ती लपवायला त्याने पालापाचोळा रचून ठेवला होता. एकेका झाडाला, निगुतीने."

"मग बोलला का नाहीत?"

"एवढ्या हौसेने खोटं बोलत होता तो. आयुष्यात त्याला दुसरं खोटं जमलं नाही. म्हटलं, हे एक तरी पचू दे त्याला."

"आणि ते जातिवंत वगैरे? येईल त्या पाहुण्याला?"

काकांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. "तेव्हा त्याचं तोंड बघायचो ना मी! हसू लपवायला कप नाकापर्यंत न्यायचा. मग मलाही न्यावा लागायचा."

"फुटवे निम्मेच का निघायचे ते आता कळलं."

"घराकडच्या ओळी माझ्या. दुपारी, तो झोपला की. त्याला वाटायचं झाडं शहाणी झाली." काकांनी पायरीजवळच्या कापाकडे हनुवटीने खूण केली. "आणि तू याला पाणी घालत होतीस. मला दाखवायला. बेशरम."

कात्री त्यांच्याशेजारी बसली. खालच्या उतारावर रोबस्टाचे गर्द, दांडगे शेंडे एकमेकांत घुसून उभे होते.

"तुमची झाडं त्यांच्याच मुळांवर उभी आहेत हे माहीत असून ती काढायला निघालात?"

काकांनी पानाच्या शिरेवरून अंगठा फिरवला.

"दरवर्षी तोडा संपला की मी म्हणायचो, काढून टाकू ती रोबस्टा. तो म्हणायचा, हात लावून बघ. मग महिनाभर जुंपायची आमची. या वर्षीही म्हणून पाहिलं. दादा हो म्हणाला. तुझी आई गप्प. तू गप्प. ताटात बघत बसलात सगळे. आता माघार कशी घ्यायची तेच मला कळेना."

"आणि उद्याच्या करवती?"

"सावलीच्या झाडांच्या फांद्या उतरवायला. दरवर्षी येतात की ती माणसं. पण तुम्ही आज 'काढा' म्हणाला असतात, तर त्यांनाच खाली पाठवलं असतं. बोललेला शब्द गिळायची मला सवय नाही." आता त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तू का गप्प बसलीस?"

"बाबा म्हणाले होते, सांगायचं नाही."

"सांगायचं नाही म्हणाला. भांडायचं नाही असं म्हणाला होता का?"

आतून भांडी विसळल्याचा आवाज आला. पाच कपांचा आवाज, तिला उगाच वाटलं. सहा असते तर वेगळा आला असता.

काकांनी पानाची घडी घातली, खिशात ठेवली आणि गुडघ्यांवर हात टेकून उठले. दोन पायऱ्या चढले. मग न वळता, घसा खाकरून, जरा मोठ्यानेच म्हणाले, "पुढच्या वर्षी मात्र ती रोबस्टा काढायचीच. मी ठरवलंय."

तिने मान वर केली. काकांची पाठ ताठ होती. ते वाट बघत होते.

"हात लावून बघा," कात्री म्हणाली.

"बघा काय? असं कुणी भांडतं? तो मला अहो-जाहो करायचा का?"

ती उठून उभी राहिली.

"हात लावून बघ, काका. मुळासकट तुझीच बाग उपटते."

"काय म्हणालीस? पुन्हा म्हण!"

"अरे, काय चाललंय बाहेर?" आतून आत्याचा आवाज आला. "भांडताय की काय?"

"हो!" दोघंही एकदम ओरडले.